फ्रीजमागची मिरवणूक

प्रिय रूपा,

ऋतुराज म्हणतो, तुला पत्र लिहायचा मला आता काही अधिकार नाही. कोर्टानं तुम्हा नवराबायकोला वेगळं केलं, ते मला मान्य आहे. सासूसुनेबद्दल कोर्ट काही बोललेलं नाही. तेव्हा मुकाट्यानं वाच. बातमी चांगली आहे. तुझ्या चित्रासमोरचा फ्रीज हलला. मी हलवला.

कुठला फ्रीज, असं विचारशील. इथल्या विमानतळावरची ती भिंत रंगवून तू भोपाळला गेलीस, त्याला दोन वर्षं होत आली. उद्घाटनाला मला बोलावलं नाहीस. घरात तेव्हा जे चाललं होतं त्यात कशी बोलावणार होतीस? नंतर एकदा बघायला गेले, तर चित्र आत, विमानाची वाट बघत बसतात तिथं. दारावरचा जवान म्हणाला, "मॅडम, टिकट?" मी म्हटलं, विमानात बसायचं नाही, चित्र बघायचंय. तो असा बघायला लागला, जणू मी विमानच घरी न्यायला मागितलंय. आणि म्हणे सार्वजनिक कला!

त्यात गेल्या महिन्यात शेजारची मंजुषा दिल्लीला जाऊन आली आणि सांगायला लागली, "काकू, रूपावहिनीच्या चित्रापुढं कोल्ड्रिंकचा फ्रीज उभा केलाय. हत्तीचं टाळकं तेवढं दिसतं." माझं डोकंच फिरलं. त्या चित्रासाठी अजिंठ्याला आपण दोघी किती वेळा गेलो होतो! तू अंधाऱ्या लेण्यात डोळे ताणून स्केचेस करायचीस आणि मी पोळीभाजीचा डबा सांभाळत, भिंतींना टेकणाऱ्या पर्यटकांना इंग्रजीत झापायचे. त्या सगळ्या मेहनतीपुढं आता थंड बाटल्या?

मी हैदराबादचं तिकीट काढलं. ऋतुराजला सांगितलं, औरंगपुऱ्यात ब्लाऊज शिवायला टाकून येते. तपासणीतल्या मुलीनं विचारलं, सामान काय आहे? म्हटलं, राग आहे, तुमच्या मशीनमध्ये दिसायचा नाही.

मंजुषा खरं बोलत होती. स्टॉलवाला सूर्यभान नावाचा, लासूर स्टेशनकडचा गृहस्थ. म्हणाला, "मावशी, प्लगपॉइंट इथंच हाय. चित्राला कुठं लाईट लागती?" म्हटलं, लागते, बघणाऱ्याच्या डोक्यात. आवाज न चढवता माणसाला कसं सोलायचं, एवढं आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पक्कं शिकवलं होतं. तरी तो ढिम्म. मी फ्रीजसमोरच खुर्ची ओढून बसले. एकही बाटली निघेना की खपेना. तेवढ्यात भोंग्यावर माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला. विमान कंपनीची मुलगी धावत आली, "मॅडम, सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत." मी म्हटलं, बाळ, त्यांना जाऊ दे. हा फ्रीज इथून जाईपर्यंत मी जात नाही.

शेजारी एक बानाबाई बसल्या होत्या. मेंढरांमागं आयुष्य गेलेलं, मुलाच्या हट्टापायी पहिल्यांदाच विमानानं मुंबईला निघालेल्या. त्यांनी फ्रीजमागं वाकून बघितलं आणि कडाडल्या, "आरं दादा, इतक्या बाया गुदमरल्यात की मागं! सरकव ते कपाट!" आणि पदर खोचून स्वतःच रेटायला लागल्या. मग दोन टायवाले उठले, त्यांच्यामागं आणखी चारजण. सूर्यभान ओरडला, "व्हय, व्हय, आधी पिन तर काढू द्या, लई जोराचा झटका बसंल!" पलीकडच्या खांबाला दुसरा प्लगपॉइंट निघाला. निघणारच होता.

आणि तुझी मिरवणूक उजेडात आली गं! पुढं हत्ती आणि मागं राण्या नाहीत, दासी नाहीत. कांदे विकणारी, स्कूटरवरची पोरगी, खांद्यावर कोकरू घेतलेली धनगरीण. आणि अगदी खाली कोपऱ्यात, साखळीचा चष्मा लावून, बोट उगारून माहुताला दम देणारी एक म्हातारी. बानाबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अगं बया, ह्या तर तुम्हीच!" सगळे हसायला लागले. सूर्यभाननं हात जोडले. वकिलांचे फोन येत होते त्या दिवसांत तू मला रंगवत बसली होतीस आणि मला पत्ता नाही. मी चष्मा पुसण्यात बराच वेळ घालवला. विमान गेलं, मला रीतसर बाहेर आणून सोडलं आणि मी ढाल जिंकून आणल्यासारखी रिक्षात बसले.

आता हे सगळं तुला का लिहिलं, ते सांगते. ऋतुराजचं लग्न ठरलंय. ही बातमी तुला कुणा तिसऱ्याकडून कळावी हे मला चालणार नाही. मुलगी सायली, चांगली आहे, मला उलट उत्तर देते. आपली मंडळी बजावताहेत की आता घरात रूपाचं नाव काढायचं नाही. मी काढते. सायलीला तिची जागा आहे, तुझी कशाला द्यायची? तिच्या माहेरची माणसं दिल्लीची. लग्न आटोपून परत जाताना ती मंडळी तासभर त्याच भिंतीसमोर बसणार आणि नवरदेवाची आई हत्तीला अडवून उभी असलेली बघणार. मी सायलीला हे आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, हे कुणी काढलं असं त्यांनी विचारलं, तर काय सांगू?" मी म्हटलं, सांग, आमच्या रूपानं.

तुझीच,
आई