ऑर्लिन उभ्यानं का जेवतोय

लाडके आर्डिस,

थोरल्या बहिणीचे तुला आशीर्वाद, आणि जिना चढताना कुरकुरणाऱ्या तुझ्या गुडघ्याला वेगळे. प्रकृती कशी आहे ते कळव. तिकडे मिनेसोटात बर्फ दाराच्या कडीपर्यंत आलं असेल, तुझं मांजर शेगडीपुढून हलत नसेल आणि चर्चच्या तळघरात कॉफी अजून तशीच पाणचट मिळत असेल, असं धरून चालते. आम्ही दोघं जहाजावर सुखरूप आहोत. म्हणजे मी आहे. मी हे लिहितेय तेव्हा तुझा मेहुणा ऑर्लिन पलंगावर पालथा पडलाय आणि त्याच्या पार्श्वभागावर ओला टॉवेल आहे. का, ते सांगतेच.

तू काही आमच्याबरोबर आली नाहीस. थँक्सगिव्हिंगला विचारलं, नको म्हणालीस. नाताळात विचारलं, तरी नको. ऑपरेशननंतर छातीची एकच बाजू उरलेल्या बाईनं पोहायचा पोशाख घालून लोकांपुढे काय मिरवायचं, म्हणालीस. लहानपणी आपलं तळं या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जिनं माझी जिरवली, ती दोन उन्हाळे पाण्यात पाय घालत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण ते पुन्हा उगाळत नाही. तू येणार नाहीसच. तरी तुझ्या ओळखीचं कुणी कधी या बाजूला आलंच, तर त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून चार सूचना लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, टॅक्सीत तोंड उघडावं. जहाज सेंट मार्टिन बेटाला दिवसभर थांबलं होतं. आम्हाला जायचं होतं किनाऱ्याच्या अलीकडच्या टोकाला, जिथे माणसं कपड्यांत असतात. टॅक्सीत आमच्याबरोबर आणखी पाच जण होते. ड्रायव्हरनं विचारलं, “सगळे पलीकडच्याच टोकाला ना?” पाचही जण हो म्हणाले. मी ऑर्लिनला कोपरानं ढोसलं, तर हा माझ्याच कानात म्हणतो, “आपल्या दोघांसाठी त्यांचा खोळंबा कशाला? चालत येऊ की परत.” आणि उतरलो तर समोर एक आजोबा, अंगावर फक्त टोपी. ऑर्लिन काहीतरी बोलायचं म्हणून त्यांना म्हणाला, “टोपी छान आहे हं.” (दुसरं काय म्हणणार बिचारा?)

आता, तिथे कपडे काढायची सक्ती नाही बरं का. ज्याची त्याची मर्जी. पण बूट, मोजे, बाह्यांचे शर्ट आणि कमरेला पैशाचा पट्टा अशा थाटात आम्ही उभे, तर सगळा किनारा आमच्याकडेच बघायला लागला! तुला ठाऊकच आहे, मी जन्मात चर्चच्या पहिल्या बाकावर बसले नाही. चारचौघांत उठून दिसायचं म्हणजे आपल्याकडे पापच. तेव्हा उठून दिसू नये म्हणून, केवळ त्यासाठी, आम्ही एकमेकांकडे पाठ करून सगळं उतरवलं. (ऑर्लिननं मोजे ठेवले. वाळू तापते म्हणे.) आणि काय सांगू, कुणी ढुंकून बघेना! माझा जीव भांड्यात पडला.

टॉवेल स्वतःचा न्यावा आणि बसताना तो खाली घ्यावाच, ही तिथली रीत. फोन पिशवीतून बाहेर काढायचा नाही, हीसुद्धा. आणि बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघावं, पण ऑर्लिनसारखा अतिरेक करू नये. तो नजर इतकी वर ठेवून चालला की सरळ एका छत्रीवर जाऊन आदळला. छत्रीखाली टिनेके नावाच्या डच बाई उकडलेलं अंडं सोलत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली असेल. आणि आर्डिस, त्यांची डावी बाजू तुझ्यासारखीच होती. आडवा वण, बाकी सपाट. झाकलेलं काही नव्हतं, आणि बाईंना काळजी फक्त मीठ कुठे ठेवलं याची! मला एकदम रडूच आलं. बाई म्हणाल्या, “डोळ्यात वाळू गेली का?” मी म्हटलं, “नाही हो, माझी बहीण.” त्यांनी स्वतःच्या वणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पोहते?” “पोहायची.” “मग पाणी काय बदललंय?” म्हणाल्या, अंडं तोंडात टाकलं आणि निघाल्या की समुद्रात. मीही गेले मागोमाग. ओला पोशाख अंगाला चिकटत नाही, याचं सुख काय असतं गं!

परत आल्यावर त्यांनी ऑर्लिनची पांढरीफटक पाठ पाहिली आणि उन्हाच्या क्रीमची ट्यूब पुढे केली. (आमची जहाजावर राहिली होती.) ऑर्लिन म्हणाला, “नको, नको, ठीक आहे.” “बरं,” म्हणाल्या आणि ट्यूब पिशवीत. झालं! आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं, थोडंसं’ म्हणत हात पुढे करायचा. तुझ्या घरच्या लिंबाच्या वड्यासुद्धा मी अशाच खाल्ल्यात. पण त्यांच्याकडे नको म्हणजे नको. हा आशाळभूतासारखा पिशवीकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर थापा मारून म्हणाला, “चला, निघायला हवं,” आणि उभा राहून आपल्या पद्धतीनं निरोप घ्यायला लागला. हवामान झालं, मासे झाले, टिनेकेबाईंच्या घरचं गळकं छप्पर झालं. पाठ उन्हाकडे! शेवटी त्याच म्हणाल्या, “अहो, मग जा ना!”

रात्री जेवायला हा उभाच. आमच्या टेबलावर आपल्या शेजारच्या विस्कॉन्सिनचं एक जोडपं असतं, तेही आपल्यासारखंच आग्रही. “बसा ना.” “नको, नको.” “अहो, बसा.” “नको, खरंच.” “आता बसाच हो तुम्ही!” तिसऱ्यांदा नाही म्हणायचं कसं? बसला. त्याच्या किंकाळीनं वाढप्याच्या हातातलं सूप सांडलं. तेव्हापासून बशी हातात घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि समुद्र फार सुंदर दिसतो म्हणून सांगतो.

बाकी सगळं क्षेम. मांजराला माझा मुका.

तुझी,
लव्हॉन

ता. क. चर्चमध्ये कुणी विचारलं तर आम्ही फुलपाखरांची बाग बघितली.

ता. क. ऑर्लिन म्हणतो, क्रीमची मोठी बाटली आणायला सांग, आता कुणीही दिलं तरी पहिल्या फटक्यात हो म्हणणार आहे. कुणाला सांग, ते तो बोलला नाही, मी बोलते.

ता. क. ओळखीच्या कुणासाठी वगैरे सगळं खोटं. सूचना तुझ्यासाठीच होत्या. पुढच्या फेब्रुवारीत हेच जहाज पुन्हा निघतंय आणि आमच्या शेजारची खोली मी धरायला सांगितली आहे. थँक्सगिव्हिंगला विचारलं ते पहिल्यांदा, नाताळात दुसऱ्यांदा. ते दोन्ही नकार मी मोजतच नाही, आपल्याकडे कोण मोजतं? आता तिसऱ्यांदा विचारतेय, आर्डिस. येतेस ना?