आई निघते तेव्हा

प्रिय अण्णा,

आज मी आईला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले, पण कागद हातात घेतला नव्हता. माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात दाखले आणि अर्ज लिहिण्यात गेली. त्यापलीकडं मला लिहिता येत नाही. पण आज बोलू कुणाशी?

कुलूप लावायचं मिलिंदनं सांगितलं. परवा आई औसा रोडवर सापडली. कडेनं ट्रक चालले होते आणि ही कळशी कमरेवर घेऊन भर उन्हात चालत होती. ओळखीच्या रिक्षावाल्यानं तिला घरी आणून सोडलं. मिलिंदला नांदेडला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, अशी भटकू नको देऊ तिला. सरळ कुलूप लाव. नाहीतर रविवारी येतो अन् तिला इकडंच घेऊन येतो. तिसरा मजला हाय, ग्रिल हाय, कुठं जाईल?"

मी बरं म्हणाले.

भटकणं हा शब्द मला फार लागला, अण्णा. शेजारच्या कौसरभाभी तिला गल्लीतून परत आणताना म्हणतात, अम्मा घूमने निकले. डॉक्टर फाईलवर इंग्रजीत काहीतरी लिहितात, ते मला नीट वाचता येत नाही. आई स्वतः म्हणते, "जाऊन येते." आणि तुमच्या ऑफिसात माणसाच्या हलण्याला किती शब्द होते! बदली, फिरती, दौरा, रुजू, कार्यमुक्त. लहानपणी मला वाटायचं, ज्याच्या येण्याजाण्याला इतके शब्द लागतात तो किती मोठा माणूस असेल. आई दिवसभर चालायची, पाण्याला, सरपणाला, दवाखान्यात, शाळेत. त्याला काय म्हणतात ते कुणी कधी विचारलं नाही.

दुपारच्या सुट्टीत मी घरी आले, तर कौसरभाभी फाटकातच उभ्या.

"सुमनबाजी, अम्मा सुबेसे दरवाजा बजा रहे. मैं खिडकीसे बहुत समझाई. चाबी नै, तो मैं क्या करूं?"

मी कुलूप काढलं. दार उघडलं. आई आत अगदी दाराशी उभी होती. पायात चपला, डोक्यावर पदर, कमरेवर कळशी. दोन्ही तळहात लाल झालेले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हात जोडले.

"ताई, बरं झालं तुमी उघडलं. लई येळ झाला बघा. आमच्या सुमीची शाळा सुटली असंल. पोरगी वाट बघून राहिली असंल."

मी म्हटलं, "आई, मीच सुमी हाय."

ती हसली. "काय तरी तुमचं! सुमी एवढीशी हाय." तिनं कमरेजवळ हात धरून उंची दाखवली. "दोन येण्या घालते मी तिच्या."

अण्णा, आम्ही सगळे समजत होतो की ती पाण्याला निघते. हातात कळशी म्हणजे पाणी, असं आम्ही धरून चाललो. ती मला आणायला निघते. आणि मी तिला कुलूप लावून शाळेत गेले!

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. लातूर नवा जिल्हा झाला आणि तुम्हाला अहमदपूरच्या तहसीलमधून इकडं बोलावलं. जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरून फायली येत होत्या. त्या लावायला माणसं कमी होती. तुम्ही सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचात आणि शनिवारी यायचात. तिकडं अहमदपूरला आईकडं मी आणि तान्हा मिलिंद. त्या उन्हाळ्यात विहिरी आटलेल्या. टँकर दुपारी यायचा, कधी बारा, कधी तीन. बायका सकाळीच रस्त्यावर घागरींचा नंबर लावून ठेवायच्या.

त्या दिवशी माझी शाळा सुटली, पण आई आली नाही. मी फाटकापाशी बराच वेळ उभी होते. मग मनात आलं, आपण अण्णांकडं जावं. स्टँड कुठं आहे ते माहीत होतं. एका मोठ्या कुटुंबाच्या मागोमाग लातूरच्या गाडीत चढले. चाकूरला कंडक्टरच्या लक्षात आलं की ही पोर कुणाचीच नाही. त्यानं मला तिथल्या स्टँडवरच्या साहेबाच्या ताब्यात दिलं आणि खायला शेंगदाणे दिले. मी मजेत होते. तोवर आई मिलिंदला कडेवर घेऊन सगळं अहमदपूर पालथं घालत होती. संध्याकाळच्या अहमदपूरच्या गाडीनं त्यांनी मला परत पाठवलं, तेव्हा ती स्टँडवर जमिनीवर बसलेली होती.

शनिवारी तुम्ही आलात आणि तिच्यावर ओरडलात. "घागर तिथंच ठेवून पळायचं होतं की! बाकीच्या बायका नाही का ठेवून जात?"

आई चुलीकडं वळली.

अण्णा, बाकीच्या बायका घागर ठेवून जायच्या हे खरं आहे. घरी जाऊन भाकरी करून यायच्या. तोवर शेजारची बाई त्यांची घागर पुढं सरकवायची. आईची घागर कुणी सरकवत नव्हतं. आपल्या घरातल्या घागरीला हात कोण लावणार? रांग पुढं जायची आणि तिची घागर जागेवर राहायची. म्हणून तिला स्वतः उभं राहून ती पुढं ढकलावी लागायची. त्या दिवशी शेवटी ती घागर टाकून धावलीच, पण तोवर मी गाडीत बसले होते. घागर तशीच रस्त्यात राहिली आणि पाणीही मिळालं नाही.

हे तिनं मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं. तुम्हाला कधी सांगितलं का? तुम्ही कधी विचारलंत का? आठवड्यातले पाच दिवस तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून साहेबाशेजारी बसायचात. तुम्हाला ते दिसलं नसेल, असं मी मनाची समजूत घालत आले.

त्या शनिवारीच तुम्ही ऑफिसातल्यासारखं हालचाल रजिस्टर घरात सुरू केलंत. दाराशेजारी खिळ्याला वही आणि दोरीला पेन. नाव, कुठं, कारण, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. माझ्या मैत्रिणी हसायच्या. मिलिंद कॉलेजात गेल्यावर कारणाच्या रकान्यात "असंच" लिहायचा आणि तुम्ही लाल पेनानं गोल करायचात! तुम्ही गेल्यावर वहीत कुणी काही लिहिलं नाही. आज आईला जेवायला वाढून मी ती खिळ्यावरून काढली.

शेवटच्या पानांवर सगळं तुमचंच अक्षर. दोन वर्षांचं. आईच्या नावापुढं आई कधी काही लिहीत नव्हती, तिच्या नोंदी तुम्हीच केलेल्या.

"शांता. शाळेकडे. कारण : सुमनला आणणे. १२.१० ते १.०५. मी मागे."

"शांता. शाळेकडे. कारण : सुमनला आणणे. मी मागे. विहारापाशी बसली. पाणी पाजले."

एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं : "थांबवले की रडते. थांबवू नये. मागे राहावे. दमली की पुढून यावे व सोबत घरी आणावे."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! दोन वर्षं माहीत होतं आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. दुपारी कुठं जाता असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, पाय मोकळे करायला. डॉक्टरांनी तुम्हाला उन्हात चालू नका म्हणून बजावलं होतं. तरी रोज तासभर चालत होतात, तेही तिच्या पावलांनी. मी मात्र तिलाच रागवायचे, की अण्णांची तब्येत बरी नाही आणि तुझं लक्ष कुठं असतं? का सांगितलं नाहीत, अण्णा? मी काय परकी होते? की आपलं तेव्हाचं ओरडणं तुम्हाला पुसायचं होतं आणि त्यात दुसरं कुणी नको होतं?

मी हेडबाईंना फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. पाच वाजता आई पुन्हा उठली. "जाऊन येते," म्हणाली. मी म्हटलं, "ये." तुम्ही लिहिल्याप्रमाणे मागं राहिले. ती किती भरभर चालते! प्रत्येक मोटरसायकलच्या हॉर्नला मी दचकत होते, ती नाही. विहारापाशी तिची पावलं मंदावली. मी गिरणीच्या बोळातून वळसा घालून पुढून आले.

"ताई, तुमी बी शाळंकडंच निघालाव का?"

"हो."

"मग चला की संगतीनं. गाड्या लई हायत इथं. हात धरा माझा."

तिनं माझा हात धरून मला रस्ता पार करवला. मधेच म्हणाली, "आमची सुमी हुशार हाय बगा. पर घुमी हाय. काय बी मनात ठिवती. बापावर गेलीया."

"बोलंल की मोठी झाल्यावर," मी म्हटलं.

"बोलाया पायजे," ती म्हणाली. "न्हाईतर मान्साला कसं कळावं?"

आम्ही मी नोकरी करते त्याच शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. शाळा सुटून गेली होती. तिनं आत वाकून पाहिलं. आता ही काय करेल? पण ती एवढंच म्हणाली, "गेली जनू घरी," आणि आपण होऊन वळली.

घरी आल्यावर मी मिलिंदला फोन केला.

"रविवारी जेवायला ये. आईला न्यायला येऊ नको."

"ताई, एखाद्या दिवशी गाडीखाली आली म्हंजे?"

"मला बी तीच भीती हाय."

"मग?"

"मग मी मागं चालीन."

तो मग म्हणाला, "किती दिवस?"

उद्यापासून रजा टाकते, ती महिनाभर पुरेल. निवृत्तीला अजून आठ वर्षं आहेत. लवकर सुटण्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला आहे, पण तो द्यायचं धाडस होईल का, माहीत नाही. माझा उजवा गुडघा दुखतो. एखादी दुपार मी क्षणभर दुसरीकडं पाहिलं तर? ती वेगळ्याच रस्त्याला वळली तर? लिहितानाही माझे कान दाराकडे आहेत. आई आत शेंगा फोडत बसली आहे आणि टरफलांचा आवाज थांबला की मी उठून पाहून येते.

तरी एक शब्द देते. कुलूप कौसरभाभींकडं देऊन टाकलं आहे, ते या दाराला पुन्हा लागणार नाही. ती ज्या मुलीला शोधते ती मी आहे, हे तिला पटो न पटो, शोधायला ती एकटी जाणार नाही. उद्या दुपारी ती "जाऊन येते" म्हणेल, तेव्हा दार उघडं असेल आणि माझ्या पायात आधीच चपला असतील.

तुमची,
सुमन