हातसडीचे तांदूळ

कर्जत, भाद्रपद वद्य अष्टमी, तिन्हीसांज

उद्या अविधवा नवमी. यमूची पहिलीच. आईने सकाळीच बजावले, "सुनेच्या पिंडाला यंत्रातला तांदूळ चालायचा नाही. हातसडीचाच हवा." आसपासच्या गावांत पहिली भाताची गिरणी मी काढली. माझ्याच घरात हातसडीचे तांदूळ कुठून यायचे?

पूर्वी आमच्याकडे कांडायला येणाऱ्या चांगुणेकडे गेलो. ती म्हणाली, "मुसळ कवाच चुलीत घातलं, दादा. तुमची गिरनी आल्यावर कांडाया बोलावतंय कोन?" रागाने बोलली असती तर बरे वाटले असते. हसून बोलली.

शेवटी माळ्यावरचे यमूचे मुसळ काढले आणि पडवीत स्वतःच कांडायला लागलो. निम्मा तांदूळ फुटून कणी झाली. आई दारातून बघत होती. आता तळवे सोलले आहेत, टाक नीट धरवत नाही.

याच मुसळाने यमूच्या तळहातांना घट्टे पडले होते. ते पाहूनच तर गिरणीचे डोक्यात घेतले. लोक इंजिनाला भीत होते, तेव्हा भाताचे पहिले पोते तिनेच पाठवले. आणि मग तो ताप.

शेवटच्या दिवशी तिचा हात हातात घेऊन बसलो होतो. घट्टे गेले होते, तळवा मऊ झाला होता. त्या घडीलाही मला आनंद झाला, हे कुणाला सांगू?

गिरणीची खरी कमाई ती एवढीच. ती मी मुठीत धरून बसलो होतो, आणि ती हळूहळू गार होत गेली.