टोपीवाले की गॉगलवाले?

लिंबायत, सुरत

ती. सुकलालभाऊ आणि सौ. इंदुबाई यांना योगराजचा रामराम.

आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता, की इंदुबाई त्यात भजी तळतात? (रागावू नका, वास तसाच होता.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमची बहीण मध्येच हातातला फोन ओढून घेते आणि मूळ गोष्ट बाजूला राहून कोणाच्या तरी बारशावर बोलणं जातं. शिवाय जे घडलं ते मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल, या आशेवर बसलो आहे.

मुलगी पाहायचा कार्यक्रम घरी नको, चहाचा ट्रे धरून पोरगी काय बोलणार, दोन्ही घरं सफारीत सहज भेटल्यासारखी भेटू द्या, ही कल्पना तुमची, हे आधी लिहून ठेवतो. वर्षाने मागची दोन स्थळं तोंडावर नाकारली. हेही हातचं गेलं तर काय, या काळजीने मी हो म्हटलं. खूण तुम्ही सांगितली: एरंडोलकडचे पाटील, मुलगा इच्छापोरला कंपनीत, सोबत आईवडील. मुलाचा फोटो वर्षाच्या मोबाइलवर पाठवल्याचंही म्हणालात. तो उघडत नाही, असं ती सांगते. माझा मोबाइल बटणांचा, त्यात फोटोचा प्रश्नच नाही. तेव्हा एरंडोल, पाटील आणि इच्छापोर एवढ्या भांडवलावर मी वाघ-सिंहांत व्याही शोधायला निघालो.

सहज भेटायचं म्हणून रिकाम्या हाताने कसं जायचं? पाहुण्याला टोपी, टॉवेल, नारळ आणि त्याच्या बायकोला खण दिल्याशिवाय तुमच्या बहिणीला घास उतरत नाही. पिशवी घेऊन गेलो तर फाटकावरच्या माणसाने नारळ अडवला. आत खायच्या वस्तू नेता येत नाहीत म्हणे. मी त्याला समजावलं की हा खायचा नारळ नाही, मानाचा आहे. तो गुजराती माणूस, त्याला मान म्हणजे काय ते कळेना आणि मला हिंदीत सांगता येईना. शेवटी मागची माणसं ओरडायला लागली, तेव्हा त्याने हात जोडून आम्हाला नारळासकट आत सोडलं.

बसच्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे दिसले. शेजारी नऊवारीतली बाई आणि इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. मी विचारलं, "कोठला शेतस तुम्ही?" ते म्हणाले, "एरंडोलकडला. पाटील." मुलगा? इच्छापोरला! आणखी काय विचारायचं? तुमचं नाव काढलं असतं तर सहज भेटीचा बोभाटा झाला असता. बसमध्ये पुढची चांगली सीट आधीच एका गॉगलवाल्या कुटुंबाने धरलेली. बापाला गॉगल, पोराला गॉगल, आई गुजरातीत बोलणारी. मी त्यांना गोड बोलून मागच्या बाकावर घालवलं आणि आपल्या पाहुण्यांना पुढे बसवलं. गॉगलवाले उठताना माझ्याकडे काही विचारायचं असल्यासारखं बघत होते, पण मला तेव्हा सवड नव्हती.

बस जाळीच्या आत शिरली आणि मी उभा राहून पाहुण्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. (एक होतीच, तिच्यावर दुसरी.) टॉवेल दिला, नारळ दिला. त्यांनी ते सगळं मांडीवर घेतलं. आपल्याकडे हातात नारळ आला की माणूस आधी घेतो, कशाचा ते मागाहून विचारतो. तुमची बहीण त्यांच्या बायकोला कुंकू लावत होती, तेवढ्यात सिंह रस्त्यात येऊन बसला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि कुंकवाचं बोट कपाळावरून निघून नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलं. माहिती सांगणारा मुलगा ओरडला, "काका, बैठ जाओ, शेर देख रहा है!" सिंह खरंच आमच्याकडे बघत होता. आम्ही त्याला पाहायला पैसे भरून आलो होतो, पण एकाही माणसाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं.

पुढचं मला अजिबात कळलं नाही. पाहुण्यांच्या मुलाने आपल्या आईचं नाक रुमालाने पुसलं, मग वर्षाला जाळीतून बोट करून वाघ दाखवला. वर्षा लगेच जाळीला नाक लावून बघायला लागली. मी चष्मा पुसून पाहिलं. तिथे वाघ नव्हता, पिवळट दगड होता. तरी दोघं बराच वेळ तो दगड बघत हसत होती. बस निघाली तरी माना वळवून बघत होती. भाऊ, दोघांचीही नजर अधू तर नाही? लग्नाआधी डोळे तपासून घ्यावेत का? पण ती हसत होती हेही खरं. मी इतका वेळ लूमच्या खडखडाटात असतो की घरात ती हसते की नाही ते मला ऐकूच येत नाही. परवा बसमध्ये ऐकलं. बरं वाटलं.

काल संध्याकाळी एक फोन आला. "मुलगी पसंत आहे, पण तुम्ही आम्हाला उठवलंत, मान दुसऱ्यालाच दिलात. आम्हाला सुकलालभाऊंनी पाठवलं होतं." हे गॉगलवाले! एरंडोलचे पाटील, मुलगा इच्छापोरला! बसमधून उतरताना टोपीवाल्यांचा नंबर घेतला होता, त्यावर मी लगेच फोन लावला. ते म्हणाले, "पाव्हना, तो नारय कसाना शे? घरमा सकायपाशी वाद चालू शे. पोऱ्या म्हनस लगीनना शे." मी विचारलं, सुकलालभाऊंना ओळखता ना? "सुकलालले कोन वयखत नही!" आता काय समजायचं? खानदेशात सुकलाल काय तुम्ही एकटेच आहात?

तर दोन्ही घरं तुमचं नाव सांगतात, दोन्हींना मुलगी पसंत आहे, आणि आमच्याकडे मुलगी एकच आहे. वर्षाला विचारलं तर ती म्हणते, मामा सांगतील तसं. एवढी गरीब गाय ती कधीपासून झाली, तेही कळत नाही.

तुमचा गोंधळलेला,
योगराज

ता. क. तुम्ही पाठवलेले टोपीवाले की गॉगलवाले, एवढंच उलट टपाली कळवा. तुमचा शब्द मी शेवटचा मानीन.

ता. क. गॉगलवाले खरे असतील तर टोपीवाल्यांकडून नारळ परत कसा मागतात, तेही लिहा.

ता. क. पत्र वर्षाजवळ पोस्टात टाकायला देतो आहे.

मामा, मी वर्षा. फोटो त्याच दिवशी उघडला होता. गॉगल घालून दुसऱ्याच्या मोटारसायकलला टेकलेला, तुम्ही सुचवलेला मुलगा मी बसमध्ये चढतानाच ओळखला आणि गप्प बसले. पप्पांना कळवा की तुम्ही टोपीवाल्यांनाच पाठवलं होतं. तुमच्या पाया पडते. आणि तो दगड होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.