बरणीतली मुळे

साल्झबुर्ग, गुरुवार

चि. कासियन यास आशीर्वाद. त्यांत सद्बुद्धीचाही धरावा, गरज तिचीच अधिक दिसते.

माझा खोकला गेला. काळजी नसावी.

एन्झियन या कडू औषधी झाडाची मुळे दारूत भिजत घातल्याचे तू अभिमानाने कळवलेस आणि पुराव्यादाखल त्याच झाडाची पानांसह दांडी पाठवलीस. पुरावा तुझ्याविरुद्ध जातो. एन्झियनची पाने समोरासमोर जोडीने येतात. या दांडीवर ती एकाआड एक आहेत आणि खालून लवदार आहेत. हे गेर्मर नावाचे विषारी झाड आहे. एन्झियन आपल्याकडे वरच्या चुनखडीच्या उतारावर मिळते. तू ओढ्याकाठी खणलेस, कारण तिथे चढावे लागत नाही.

"दादा, तुम्ही कायदा शिकवा, डोंगर आमच्यावर सोडा," असे लिहितोस. सोडला असता. परंतु त्या डोंगराखाली आई राहते आणि जेवणानंतर तिला त्या कडू दारूचा घोट लागतो.

बरणी गुरांपासून दूर, खड्ड्यात ओत. तशी तारही केली आहे. पण तू कारण विचारत बसशील, म्हणून हे सविस्तर.

पत्राच्या शेवटी तुझ्या बायकोच्या, वाल्बुर्गाच्या, पोटात कळा येतात, असे सहज लिहिले आहेस. कधीपासून? तिने चाखली काय? डॉक्टरांना बोलाव.

उत्तर उलट टपाली हवे. तुझे अक्षर मला पुरणार नाही. दोन ओळी वाल्बुर्गाने स्वतः लिहाव्यात.

तुझा वडीलबंधू,
रोमेडियस