आजाऱ्याची फेरी

४ नोव्हेंबर
फाटकावर आज डोकी फुटली. कंपनीने आणलेले काळ्या टोपीवाले काठ्या घेऊन गाडीतून उतरले आणि संपवाल्यांचा तंबू पाडला. झाडूवाल्या बाईच्या मनगटावर काठी बसली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला, अजून कानात आहे. वस्ताद – आमचा मोठा मेकॅनिक, माझ्या बरोबरीचा – पाना घेऊन धावला आणि एका टोपीवाल्याच्या तोंडावर हाणला. तो माणूस चिखलात गुडघ्यांवर बसून आपलेच दात चाचपडत होता. मी कुठे होतो? भिंतीला पाठ लावून. डबा हातात.

जावईबापू मध्ये उभं राहून सांगत होते, हात उचलू नका, हात उचलू नका. वैमानिक ते, संपाचे म्होरकेही तेच, पण ऐकतो कोण?

लेकीला सांगितलं, त्यांना ओरखडाही नाही. खरंच नाही. पण उद्याचं काय?

५ नोव्हेंबर
झोप नीट नाही. भांडण कशाचं ते एकदा लिहूनच काढतो, डोक्यातलं कागदावर उतरलं तर उतरलं.

आमची हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं नेतात. मी रबरी सूटच्या खोलीत. हेलिकॉप्टर पाण्यात पडलंच तर अंगाला पाणी लागू नये म्हणून हा सूट. प्रत्येकाची चेन गळ्यापर्यंत ओढायची, मनगटं घट्ट करायची, पाठीवर थाप मारायची. माझी थाप पडल्याशिवाय कुणी आत चढत नाही. सातवी नापास माणसाला एवढा मान पुष्कळ झाला.

कंपनी तिसऱ्यांदा विकली गेली. शेपटावर नवा रंग, नवं नाव. हेलिकॉप्टर तेच, तेल गळतं तेही तिथूनच. नव्या साहेबाने सगळ्यांना उभं करून सांगितलं – तुमची नोकरी जुन्या कंपनीत होती आणि ती कंपनी आता अस्तित्वात नाही. इथे सगळे नवे. वैमानिकांना पगार फक्त हवेत असतील तेवढ्या तासांचा. धुकं पडलं आणि दिवसभर सूट चढवून बसून राहिलात, तर तो तुमचा प्रश्न. जावईबापूंची पंधरा वर्षं उभ्या उभ्या पुसली गेली.

वस्ताद म्हणाला, "मग मला पाळण्यात घाला. आजच जन्मलोय म्हणे." सगळे हसले. मला हसू येईना. घर जावईबापूंच्या नोकरीवर चालतं, माझ्या थापांवर नाही.

८ नोव्हेंबर
आज आपल्या लोकांनी केलं. बदली वैमानिक घेऊन आलेली गाडी अडवली, काचा फोडल्या. आतल्या एकाच्या कपाळात काच रुतली. कुणाचा तरी मुलगा असेल, पंचविशीचा. त्याला कॉलर धरून खेचून काढला आणि कमरेत लाथा घातल्या. उलटी झाली त्याला. वस्ताद माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हाताऱ्या, ह्याची पाठ थोपट की." मी मान फिरवली. गाडी आली तशी परत गेली.

जावईबापू आज थांबवायला पुढे आले नाहीत. लांब उभे होते. खिशात हात.

९ नोव्हेंबर
लेक दाराला कडी लावते. मी उठून पुन्हा बघतो. मग पुन्हा.

११ नोव्हेंबर
जेवताना मी विषय काढला. काढायला नको होता. म्हटलं, संप मोडला तर तुम्हाला घेतील का? नाही मोडला तर कंपनी दुसऱ्या बंदरावर जाईल म्हणतात, खरं का? आणि घराचं? लेक डोळ्यांनी दटावत होती. जावईबापूंनी हातातला पेला भिंतीवर फेकला. आजवर मला उलट शब्द बोलले नव्हते. काच माझ्या पायाशी आली. "बाबा, रोज रोज तेच विचारू नका," एवढंच बोलले. मग स्वतःच खाली बसून तुकडे वेचले. बोट कापलं. लेकीला हात लावू दिला नाही.

१३ नोव्हेंबर
वही दोनदा मिटून ठेवली. लिहितो तरी.

आमच्याकडे एक रीत आहे. संप असो, वादळ असो, आजाऱ्याची फेरी अडवायची नाही. रिगवर माणूस अडकला, भाजला, छातीत कळ आली, तर हेलिकॉप्टर जातंच. डॉक्टरला घेऊन येणारी अँब्युलन्स फाटकातून सरळ आत सोडायची, आत डोकावायचंसुद्धा नाही. ही शिस्त वस्तादानेच लावलेली. त्याचा भाऊ असाच भाजलेला आणला होता, आणि लोकांनी काचेला नाकं लावून बघितलं होतं.

दुपारी जावईबापू फाटकावर आले. म्हणाले, रिगवर एकाला छातीत दुखतंय, डॉक्टर निघालाय, मी नेतो. वस्तादाने स्वतः रस्त्यातलं पिंप बाजूला लोटलं. मी आत जाऊन त्यांना सूट चढवला, चेन ओढली, थाप मारली. अंग ताठ, लाकडासारखं. म्हटलं, काळजी वाटत असेल आजाऱ्याची.

अँब्युलन्स हँगरमध्ये शिरली. मागचं दार उघडलं. डॉक्टर नाही, कुणी नाही. बदली वैमानिक उतरले, हातात बॅगा, अंगावर नव्या कंपनीचे कपडे. पळतच हेलिकॉप्टरांकडे गेले.

बाहेर फाटकावर ऐकू गेलंच. आजाऱ्यासाठी एक इंजिन चालू होतं. एकामागून एक सगळी कशी चालू होतील?

फाटक बिजागरीतून उखडलं. त्यांनी जावईबापूंना हेलिकॉप्टरच्या दारातून ओढून सिमेंटवर आपटलं. "आजाऱ्याच्या नावाने? आजाऱ्याच्या नावाने?" वस्ताद दर फटक्याला हेच विचारत होता. पाना तोंडावर बसला. पुन्हा बसला. रबरी सूटात पाणी शिरत नाही, रक्तही शिरत नाही. ओघळत खाली येतं आणि जमिनीवर साचतं. मी ओरडत होतो, त्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही फसवलंय! शेवटी मी त्यांच्या अंगावर आडवा पडलो. दोन लाथा मलाही बसल्या. मग टोपीवाले आले.

१४ नोव्हेंबर
डावा डोळा गेला. जबडा तारेने बांधलाय. शुद्ध नाही. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात हेलिकॉप्टर देत नाहीत.

रिगवर कुणी आजारी नव्हतंच.

पोलीस आले. मारणारा कोण? संपवाल्यांपैकी कुणी तोंड उघडलं नाही म्हणे. साहेबाने सांगितलं, अंधुक दिसलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. रडत नव्हती, नुसती बघत होती. मी वस्तादाचं नाव सांगितलं. पानाही सांगितला. कंपनीने एका सरळ माणसाला फसवलं, आणि माझ्या मित्राने काही न विचारता त्याचा डोळा फोडला. मी का गप्प बसू?

१५ नोव्हेंबर
पोलिसांनी वस्तादाला घरातून उचललं. गाडीत घालायच्या आधी भर रस्त्यात तुडवला. त्याने हात वर केला नाही. मी कोपऱ्यावर होतो. त्याची बायको मला बघून म्हणाली, "भाऊजी, थाप मारणारा हात म्हणून विश्वास ठेवला होता." बाकी काही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संपही मोडला. सकाळपासून हेलिकॉप्टरं जातायत. मी कामावर गेलो नाही.

१८ नोव्हेंबर
जावईबापू आज बोलले. तारेमुळे शब्द दातांतूनच येतात, कान तोंडाशी न्यावा लागला. "वस्तादाला सोडवा. अँब्युलन्समध्ये कोण आहे ते मला माहीत होतं. माझी पंधरा वर्षं धरतो म्हणाला साहेब."

लेक औषधं घेऊन आत आली. काय म्हणाले, तिने विचारलं.

कण्हतायत, म्हटलं.