भुऱ्याचं शेवटचं इंजेक्शन

तीर्थस्वरूप मामा,

आत्म्याला पाप-पुण्य शिवत नाही, असं तुम्ही प्रवचनात ठणकावून सांगता. मग भुऱ्याला शेवटचं इंजेक्शन दिल्यापासून माझ्या हातचा चहा का चालत नाही? कुत्रा तुमचा, "सोडव गं त्याला" हे शब्दही तुमचेच. मी जनावरांची डॉक्टर. सुई टोचताना मला पाप आठवलं नाही, पुण्यही नाही. फक्त त्याची तडफड दिसत होती. तुम्ही दाराबाहेर जप करत होतात आणि त्याची नजर दारावरच होती. त्याचा कान कुरवाळत मी म्हटलं, "मामा आलेत हं." त्याने शेपटी हलवली.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तुम्हाला वाटेल, आपल्यालाच पाप लागलं. माझ्या लेखी ते तुम्हालाही लागलेलं नाही.

चहा ठेवलाय.

तुमची भाची